‘बहुतेक’ या शब्दाची बाजू

"नक्की काय झालंय गं त्याला?"

गेल्या दीड महिन्यात हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल याची गणती नाही. मावशी फोनवर विचारते, समोरच्या काकू जिन्यात विचारतात, ऑफिसात डबा उघडल्या उघडल्या विचारला जातो. सगळे मनापासून विचारतात, त्यामुळे रागही येत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे, "बहुतेक एफआयपी." आणि त्यावरचा पुढचा प्रश्नही ठरलेला आहे, "बहुतेक म्हणजे? डॉक्टरांना कळत नाही का?"

हे ‘बहुतेक म्हणजे?’ आता इतक्यांदा झालंय, की म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच टाकावं. एकतर सगळ्यांना एकदम कळेल, आणि दुसरं म्हणजे या दीड महिन्यात माझं एक मत तयार झालंय, तेही सांगता येईल. मत असं, की ‘बहुतेक’ हा शब्द आपण समजतो तेवढा वाईट नाही. आजारी मांजराच्या बाबतीत तर ‘नक्की’ या शब्दापासूनच जरा जपून राहावं.

आधी रुग्णाची ओळख. गोट्या, वय दहा महिने, रंग राखाडी, पोटावर पांढरा. पार्किंगमधल्या एका स्कूटरच्या डिकीखाली सापडलेला. आमच्याकडे आल्यापासून घरातली प्रत्येक टोपली, खोका आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग त्याच्या मालकीचा झाला. तो महिन्याभरात हळूहळू थंडावला. आधी पडद्यावर चढणं बंद झालं, मग खिडकीत बसणं, मग जेवण निम्म्यावर आलं. पोट मात्र गोल व्हायला लागलं. आई म्हणाली, बाळसं धरतोय. पण पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागत होते. पोट गोल आणि पाठ हाडकुळी, हे काही बाळसं नव्हे. अंगात ताप होता. पोटात पाणी झालं होतं.

पहिल्या डॉक्टरांनी (नाव घेत नाही, गरजही नाही) पोट चाचपलं, ताप पाहिला, एक रक्ततपासणी केली आणि दहा मिनिटांत सांगितलं, "एफआयपी आहे. याला औषध नाही. त्रास वाढायच्या आत इंजेक्शन देऊन झोपवा." दुसऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास घेतला, पोटातलं थोडं पाणी सुईने काढलं, ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बहुतेक एफआयपी आहे. पण मी नक्की सांगू शकत नाही. लिंफोमा असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो. आणि नक्की कळेपर्यंत थांबायला याच्याकडे वेळ आहे असं मला वाटत नाही."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "पहिल्यांना निदान ठाऊक तरी होतं." (‘निदान’वरचा हा विनोद त्याने मुद्दाम केला की चुकून झाला, हे मी अजून विचारलेलं नाही.) मला मात्र दुसऱ्या डॉक्टरांवर जास्त विश्वास बसला. का, ते सांगायचं तर आधी या आजाराबद्दल थोडं सांगायला हवं. घाबरू नका, शाळेतल्या जीवशास्त्रापेक्षा अवघड नाही.

एफआयपी म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस. मांजरांचा एक कोरोनाव्हायरस असतो. (काकू, तो माणसांना होत नाही. २०२० सालचा तो वेगळा, हा वेगळा. गोट्याला हात लावला तरी चालेल.) जिथे चार मांजरं एकत्र राहतात तिथे तो बहुतेकांच्या पोटात जाऊन येतो. थोडी हगवण लागते, कधी तेवढीही लागत नाही, आणि विषय संपतो. पण थोड्या मांजरांमध्ये, दहात एक किंवा त्याहूनही कमी, हा विषाणू त्या मांजराच्या अंगातच बदलतो. आतड्यात राहणारा हा पाहुणा मग रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरून अंगभर फिरायला लागतो. रक्तवाहिन्यांना सूज येते, त्यांतून द्रव पाझरतो आणि पोटात किंवा छातीत साठतो. कधी पाणी होतच नाही, त्याऐवजी डोळे, मेंदू, मूत्रपिंड यांवर परिणाम होतो. लहान वयाच्या, साधारण दोन वर्षांच्या आतल्या मांजरांना हा धोका जास्त.

आता अडचण पाहा. साधा निरुपद्रवी कोरोनाव्हायरस आणि हा बिघडलेला, दोघे मुळात एकच. रक्तातली अँटिबॉडी तपासणी केली तर ती फक्त एवढंच सांगते, की या मांजराची कधीतरी या विषाणूशी गाठ पडली होती. ती तर बहुतेक मांजरांची पडलेली असते! धडधाकट मांजराचीही ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे ‘एफआयपीची टेस्ट पॉझिटिव्ह आली’ असं कुणी सांगितलं तर कुठली टेस्ट, हे आधी विचारायला हवं.

मग डॉक्टर काय करतात? तर पुरावे गोळा करतात. चोर सापडलेला नाही, पण पायताणाचे ठसे आहेत, तुटलेलं कुलूप आहे, असं.

एक ठसा रक्तातल्या प्रथिनांचा. अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.४ च्या खाली असेल तर एफआयपीचा संशय बळावतो, ०.८ च्या वर असेल तर शक्यता फार कमी. गोट्याचं अल्ब्युमिन २.३ आणि ग्लोब्युलिन ४.६. करा भागाकार. बरोब्बर ०.५! ना इकडचा, ना तिकडचा.

दुसरा ठसा त्या पाण्याचा. एफआयपीतलं पाणी पिवळं, चिकट, बोटांत धरलं तर तार येईल असं असतं. त्याची एक गंमतशीर तपासणी आहे, रिव्हाल्टा टेस्ट. शंभरेक वर्षांपूर्वी एका इटालियन डॉक्टरांनी ती माणसांसाठी शोधली, आता ती मांजरांच्या कामी येते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थेंबभर ॲसेटिक ॲसिड (म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल) घालायचं आणि वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब विरघळून गेला तर निगेटिव्ह, आकार धरून राहिला तर पॉझिटिव्ह. ज्यांनी लाडवांसाठी गोळीबंद पाक केलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको. वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून आपण तेच बघतो. गोट्याचा थेंब गोळीबंद निघाला. पण इथेही मेख आहे. थेंब विरघळला असता तर एफआयपी नसल्याची बऱ्यापैकी खात्री झाली असती. न विरघळल्याने ‘आहे’ची तेवढी खात्री होत नाही, कारण पोटातल्या जंतुसंसर्गात आणि लिंफोमातही तो तसाच राहू शकतो.

तिसरा ठसा त्या पाण्यातल्या पेशींचा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत, कॅन्सरच्या पेशीही दिसल्या नाहीत. ‘दिसल्या नाहीत’ म्हणजे ‘नाहीत’ नव्हे, हे डॉक्टरांनी लगेच बजावलं. चौथा ठसा पीसीआरचा, त्या पाण्यात विषाणू शोधायचा. तो नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला.

आणि पक्की तपासणी? ती आहे. पोटातल्या गाठीचा किंवा अवयवाचा तुकडा काढून त्यात पेशींच्या आत विषाणू दाखवून द्यायचा. त्यासाठी भूल हवी, शस्त्रक्रिया हवी. तीन किलोच्या, ताप असलेल्या, चार दिवस धड न जेवलेल्या पिल्लाला भूल! पुष्कळ मांजरांच्या बाबतीत हे पक्कं निदान मांजर गेल्यानंतरच होत आलं आहे, ते यामुळेच. असलं शंभर टक्के निदान घेऊन मी काय करू? फ्रेम करून लावू?

इथे मला एक गोष्ट लख्ख दिसली आणि हा लेख खरं तर तेवढ्यासाठीच आहे. निदान किती पक्कं हवं, हे पुढे काय करता येणार आहे त्यावर ठरतं.

या आजाराचं पहिलं वर्णन १९६३ साली बॉस्टनच्या डॉ. जीन होल्झवर्थ यांनी केलं. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं एफआयपी म्हणजे शेवट, असंच होतं. औषध नव्हतं. त्या काळात ‘बहुतेक एफआयपी’ या शब्दांचा परिणाम काय होत असेल? मांजराला झोपवलं जायचं. त्यांतल्या काहींना एफआयपी नसणार, दुसराच बरा होण्यासारखा काहीतरी आजार असणार. म्हणजे त्या काळी संशयाचं माप मांजराच्या जिवावर पडत होतं. तेव्हा शहाणा डॉक्टर तोच, जो म्हणेल की थांबा, एवढ्या पुराव्यावर मी हे नाव देणार नाही.

मग चित्र उलटलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या डॉ. नील्स पेडरसन यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द या आजारामागे घालवली होती. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली जीएस-४४१५२४ नावाच्या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. नैसर्गिकरीत्या एफआयपी झालेली ३१ मांजरं, किमान १२ आठवडे रोज इंजेक्शन. लेख छापून येईपर्यंत त्यांतली २४ जिवंत होती. ज्या आजारात जगणं हाच अपवाद होता, तिथे हा आकडा! (हे औषध कोण, माहितीये? रेमडेसिविर शरीरात गेल्यावर ज्या मुख्य रूपात रक्तात सापडतं, ते. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात ज्या इंजेक्शनसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे होते, त्याचाच हा सख्खा नातेवाईक.) नंतरच्या वर्षांत गोळ्या आल्या. ब्रिटनमध्ये २०२१ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून हे औषध पशुवैद्यांना रीतसर मिळायला लागलं. ८४ दिवसांचा कोर्स रूढ झाला. २०२४ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या ४० मांजरांवर दाखवलं, की ४२ दिवसही तेवढेच पुरतात. म्हणजे औषध किती दिवस द्यायचं याचंही उत्तर अजून सरकतंच आहे.

पेडरसन यांच्या त्या ३१ मांजरांतली आणखी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. उपचार पुरे करू न शकलेली पाच होती. त्यांतली चार पहिल्या दोन ते पाच दिवसांत गेली. औषध होतं, पण मांजरं फार पुढच्या टप्प्यावर पोचलेली होती.

आता त्याच ‘बहुतेक’कडे पुन्हा पाहा. औषध नव्हतं तेव्हा, पुरता पुरावा नसताना आजाराचं नाव घेणं मांजराला महागात पडायचं. औषध आहे तेव्हा पुरत्या पुराव्याची वाट पाहणं महागात पडतं. शब्द तोच, संशय तेवढाच, पण शहाणपणाची दिशा पूर्ण उलटी. पहिले डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांचं ‘नक्की’ जुन्या काळातून आलेलं होतं, एवढंच. दुसऱ्या डॉक्टरांचं ‘बहुतेक’ आजचं होतं.

त्या म्हणाल्या, "आधी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, ताप हलला नाही. आता हे औषध सुरू करू. एफआयपी असेल तर ताप दोन-चार दिवसांत उतरेल. उतरला नाही, तर मला दुसरीकडे बघायला हवं." म्हणजे औषध हाच उपचार आणि औषध हीच तपासणी! मला हे फार पटलं. आपल्याकडे जुने फॅमिली डॉक्टर नाही का सांगायचे, तीन दिवसांचं औषध देतो, फरक नाही पडला तर या. आपण त्यांना ‘अंदाजपंचे’ म्हणायचो. पण अंदाज चुकला तर कशावरून कळणार हे आधीच सांगून ठेवलेला अंदाज आणि नुसता अंदाज, यांत फरक आहे.

तेव्हापासून मी डॉक्टरांना ‘नक्की काय आहे?’ विचारणं सोडलं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडतील म्हणून देते. एक, या तपासणीचं उत्तर हो आलं काय आणि नाही आलं काय, त्याने आपण उद्या करणार असलेल्या गोष्टीत फरक पडेल का? पडणार नसेल तर ती तपासणी मांजरासाठी नाही, माझ्या मनाच्या समाधानासाठी आहे. समाधानालाही किंमत आहे, पण ती त्याच्या पायातून रक्त काढून वसूल करू नये. दोन, आपला अंदाज चुकीचा असेल तर कशावरून आणि किती दिवसांत कळेल? तीन, तोपर्यंत याला बरं वाटावं म्हणून आज काय करता येईल?

हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. कारण आजाराचं नाव पक्कं नसलं तरी पुष्कळ गोष्टी पक्क्या करता येतात. वजन पक्कं कळतं. (मी काट्यावर एकदा एकटी उभी राहते, एकदा त्याला घेऊन. माझं वजन या निमित्ताने रोज दोनदा कळतं, ते मात्र कुणी विचारू नये.) या औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे वजन वाढलं की डोसही वाढवावा लागतो. झोपेतला श्वास मोजता येतो. शांत झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत हवा. छातीत पाणी व्हायला लागलं तर इथे पहिल्यांदा कळतं. खाणं मोजता येतं, आणि ते मोजावंच. माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर एकादशी झाली म्हणायचं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं.

वेदनाही मोजता येते, हे मला नव्याने कळलं. मांजर दुखणं लपवतं, ओरडत नाही. पण चेहरा सांगतो. माँट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये त्याचं मापच करून दिलंय. कान, डोळे, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि मान, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे किलकिले, मिशा ताठ पुढे, मान खांद्याच्या खाली गेलेली, असं दिसलं की गुण वाढतात. दहापैकी चार किंवा जास्त झाले की वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. (डॉक्टरांशीच. ताप आहे म्हणून चिमूटभर क्रोसिन द्यायचा सल्ला मला दोन जणांनी दिला. माणसाचं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीदेखील जीव घेऊ शकते. हे एवढं वाक्य तरी कृपया लक्षात ठेवा.)

फ्रिजवर एक कागद लावलाय. तारीख, वजन, ताप, श्वास, खाणं, चेहऱ्याचे गुण. सकाळी तो भरला की दिवसभर ‘याला काय झालं असेल’ हा भुंगा जरा गप्प बसतो. आजाराचं नाव या कागदावर कुठेच नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही.

आता नातेवाइकांसाठी दोन शब्द, कारण काही प्रश्न थेट विचारले गेलेत आणि काही माझ्यामागे.

"मांजरासाठी एवढा खर्च?" हो. औषधाचा महिन्याचा खर्च आमच्या किराण्याहून जास्त आहे. आम्ही बसून हिशेब केला, या वर्षीची सहल रद्द केली आणि कितीपर्यंत जायचं हा आकडाही ठरवला. आकडा ठरवण्यात मला काही निर्दयीपणा वाटत नाही. कुणाला हा खर्च झेपला नाही तर त्याचं प्रेम कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही. औषध न परवडल्यामुळे मांजर गेलेल्या माणसाच्या वाट्याला आधीच पुरेसं दुःख आलेलं असतं. पण ‘ते पैसे माणसांसाठी दिले असते तर’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्या सोफ्याची, गाडीची आणि लग्नातल्या जेवणावळीची किंमतही त्याच वहीत लिहावी. मग बोलू.

"उगाच हाल करतेयस, सोडव त्याला." हा सल्ला देणारी आत्या मायाळू आहे, तिने स्वतः तीन म्हशी आणि असंख्य मांजरं सांभाळली आहेत, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. आत्या, तुझं म्हणणं मला मान्य आहे, फक्त कशावरून ठरवायचं यात फरक आहे. त्याला झोपवायचं की नाही हे आजाराच्या नावावरून ठरू नये. नाव चुकू शकतं. ते त्याच्या दिवसांवरून ठरावं. तो खातोय का, स्वतःचं अंग चाटतोय का, स्वतःहून ट्रेपर्यंत जातोय का, बोलावल्यावर मान वळवतोय का, आठवड्यात बरे दिवस जास्त की वाईट? डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये अशीच सात प्रश्नांची यादी केली होती, जगभर ती वापरतात. वाईट दिवस जास्त व्हायला लागले आणि औषधाने ते मागे हटत नसतील, तर त्याचं नाव एफआयपी असो, लिंफोमा असो किंवा काहीही नसो, मी त्याला सोडवेन. तेव्हा मला कुठल्याही लॅबचा कागद लागणार नाही. बाकी सगळे निर्णय बदलता येतात, औषध थांबवता येतं, डॉक्टर बदलता येतात. हा एकच बदलता येत नाही. म्हणून तो अंदाजावर घ्यायचा नाही आणि घाबरूनही घ्यायचा नाही.

आणखी एक, थोडं मनातलं. आपल्याला ‘नक्की’ एवढं का हवं असतं? मला वाटतं, नाव मिळालं की आपल्याला रडायची किंवा लढायची परवानगी मिळते. ‘बहुतेक’मध्ये धड रडताही येत नाही. रडायला लागलं की वाटतं, अजून काय झालंय! आशा धरली की वाटतं, स्वतःला फसवतोय. हा मधला काळ फार दमवतो, आणि तो दमवतो हे कुणी फारसं बोलत नाही. पण गोट्याकडे बघून एक कळलं, की तो या मधल्या काळात राहतच नाहीये. त्याला ऊन कुठे आलंय, पाऊच कुठल्या चवीचं आहे आणि सिरिंज घेऊन मी कुठल्या बाजूने येतेय, एवढ्याच बातम्या लागतात. मधल्या काळात अडकलेली आहे ती मी. माझा त्रास कमी व्हावा म्हणून त्याच्यावर घाईने शिक्का मारायचा नाही, मग तो ‘मरणार’चा असो की ‘बरा होणार’चा, एवढं पथ्य मी पाळतेय.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. दोन आठवड्यांत पोट खाली बसलं. नवव्या दिवशी पीसीआरचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह! नवरा कागद घेऊन उभाच राहिला. डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, पाण्यात विषाणू सापडला असता तर आपली बाजू भक्कम झाली असती, नाही सापडला म्हणून कमकुवत होत नाही. ताप उतरलाय ना, औषध चालू ठेवा. म्हणजे उद्या तो पूर्ण बरा झाला तरी त्याला नेमकं काय झालं होतं हे शंभर टक्के कधीच कळणार नाही, अशी दाट शक्यता आहे. दीड महिन्यापूर्वी हे वाक्य मला सहन झालं नसतं. आता होतं.

आज सदतिसावा दिवस. वजन तीन किलो सहाशे, म्हणजे सुरुवातीपेक्षा अर्धा किलो जास्त, आणि तेही पोटातलं पाणी जाऊन. ८४ दिवस पुरे करायचे आणि त्यानंतर १२ आठवडे लक्ष ठेवायचं, आजार उलटतो का ते बघायला. काहींचा उलटतो. परवा तो पडद्यावर अर्ध्यापर्यंत चढला आणि तिथे लटकून राहिला. खाली कसं उतरायचं हे विसरला होता बहुधा. पडदा फाटलाय. नवीन शिवायला टाकलेला नाही, एवढ्यात टाकणारही नाही.

तेव्हा मंडळी, यापुढे कुणी विचारलं तर ‘बहुतेक’ एवढंच उत्तर मिळेल. ते टाळाटाळीचं समजू नका. विचारायचंच असेल तर विचारा, आज काय खाल्लं त्याने? त्याचं उत्तर माझ्याकडे ग्रॅममध्ये आहे.